ताळेबंदात न मावणारा विभाग

दुकान वाढवून घरी परतावे आणि दिवाणखान्यात घरातील तरुण मंडळी एखाद्या कोरियन मालिकेत गुंग झालेली दिसावीत, हे दृश्य आता बहुतेक व्यापारी कुटुंबांच्या परिचयाचे झाले आहे. वडीलधाऱ्यांची त्यावरील प्रतिक्रियाही ठरलेली असते. परक्या देशाची, परक्या भाषेची ती प्रेमप्रकरणे पाहून काय मिळते, असे ते विचारतात. पुष्कळ मालिकांच्या बाबतीत हा प्रश्न गैरलागू नाही. तथापि ‘डी डे’ ही मालिका तिला अपवाद आहे, आणि ती मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांनी, त्यातही एखाद्या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर बसणाऱ्या वडिलांनी अधिक लक्षपूर्वक पाहावी अशी आहे.

दक्षिण कोरियातील जेटीबीसी या वाहिनीवर १८ सप्टेंबर ते २१ नोव्हेंबर २०१५ या काळात शुक्रवारी व शनिवारी तिचे वीस भाग प्रसारित झाले. लेखिका ह्वांग उन-ग्यंग आणि दिग्दर्शक जांग योंग-वू. कथेचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. राजधानी सोलमध्ये ६.५ तीव्रतेचा भूकंप होतो, वीज, पाणी, रस्ते, दळणवळण सारे एका झटक्यात कोलमडते आणि ‘मिरे’ नावाच्या रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका व अग्निशमन दलाचे जवान पुढचे दिवस माणसे वाचवीत राहतात. कोरियन भाषेत ‘मिरे’ म्हणजे भविष्यकाळ. नाव मोठे सूचक आहे, कारण या रुग्णालयाला भविष्य आहे की नाही, हाच पहिल्या काही भागांतील वाद आहे.

हा वाद दोन माणसांमधला आहे. एक आहे ली हे-संग, आपत्कालीन विभागातील शल्यचिकित्सक. समोर आलेल्या रुग्णापलीकडे त्याला काही दिसत नाही, नियम तर मुळीच नाहीत. किम यंग-क्वांग या अभिनेत्याने तो रंगवला आहे. दुसरा आहे रुग्णालयाचा संचालक पार्क गन. ली ग्यंग-यंग या ज्येष्ठ नटाने त्याला जो थंड, मोजूनमापून बोलणारा चेहरा दिला आहे, तो मालिकेतील सर्वांत उत्तम काम म्हणावा लागेल. रुग्णालय ही त्याच्या दृष्टीने एक चालती पेढी आहे. पेढी चालायची तर जमा आणि खर्च जुळला पाहिजे. भूकंपानंतर साधने अपुरी पडू लागताच तो आपत्कालीन विभाग बंद करण्याचा आदेश देतो, आणि बाहेर दारात जखमींची रांग लागलेली असते.

मालिका या माणसाला खलनायक करते. तसे करणे सोपे आहे, आणि प्रेक्षकालाही ते सोयीचे वाटते. परंतु ज्यांनी कधी एखाद्या संस्थेचा ताळेबंद सही करण्यापूर्वी वाचला आहे, त्यांना पार्क गनची बाजू इतक्या सहजी उडवून लावता येणार नाही. भूकंपात हादरलेली इमारत पुढच्या धक्क्यात टिकेल याची खात्री नसते. पाण्याशिवाय शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करता येत नाहीत. जनित्रात डिझेल किती तासांचे उरले आहे, हा प्रश्न श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णाच्या आयुष्याचाच प्रश्न असतो. दारातल्या शंभर जणांना आत घेतल्याने आधीपासून आत असलेल्या पन्नास जणांचा प्राणवायू संपणार असेल, तर दार उघडणे हा दयेचा निर्णय की अविचाराचा? संचालकाच्या मनात हा विचार किती आणि नफ्यातोट्याचा किती, हे मालिकेने थोडे अधिक संदिग्ध ठेवले असते तर ती अधिक थोर ठरली असती.

नफ्यातोट्याचा भागही समजून घेण्यासारखा आहे. रुग्णालयातील अन्य कोणताही विभाग भरलेल्या खाटांवर चालतो. खाट भरली की उत्पन्न, रिकामी राहिली की खर्च. आपत्कालीन विभागाचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. तिथली खाट रिकामी असणे, तिच्याशेजारी डॉक्टर व परिचारिका रात्री तीन वाजताही जागे असणे, हीच त्या विभागाची उपयुक्तता. ज्या रात्री कोणी येत नाही, त्या रात्रीचाही पगार द्यावा लागतो. जे येतात त्यांतले कित्येक निनावी, बेशुद्ध, खिशात दमडी नसलेले असतात. व्यापाऱ्याला हे नवे नाही. गोदामाचा आगीचा विमा तो दरवर्षी भरतो आणि हप्ता ‘वाया गेला’ याबद्दल मनोमन समाधान मानतो. मात्र रुग्णालयाच्या वहीत तोच खर्च ‘तूट’ या रकान्यात दिसू लागला की विश्वस्तांच्या बैठकीत भुवया उंचावतात. दानशूरांचाही ओढा इमारतीकडे असतो. नव्या दालनावर नामफलक लावता येतो. जनित्राच्या डिझेलवर, रक्ताच्या पिशव्यांच्या शीतपेटीवर किंवा रात्रपाळीच्या परिचारिकेच्या वेतनावर तो लावता येत नाही. औषधदानाची थोरवी परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे, पण औषध देणारे हात जागे ठेवण्याचा खर्च त्या दानात धरावा की नाही, याची चर्चा क्वचितच होते.

दक्षिण कोरियात ही चर्चा पडद्याबाहेरही झाली आहे. जानेवारी २०११ मध्ये सोमाली चाच्यांनी अपहरण केलेल्या एका कोरियन मालवाहू जहाजाची नौदलाने सुटका केली. त्या कारवाईत जहाजाचे कप्तान सक हे-ग्यून गोळ्या लागून मरणासन्न झाले. सुवोन शहरातील आजू विद्यापीठ रुग्णालयाचे शल्यचिकित्सक ली गुक-जोंग ओमानला गेले, कप्तानांना विमानाने मायदेशी घेऊन आले आणि त्यांना वाचवले. देशभर जयजयकार झाला. पण त्याचबरोबर गंभीर अपघाती जखमांवर चोवीस तास उपचार करणारी व्यवस्थाच देशात धड नाही, हेही सर्वांना कळून चुकले. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन विभागवार आघात-उपचार केंद्रे उभारण्याचा मार्ग मोकळा झाला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सीमा ओलांडताना आपल्याच सहकाऱ्यांच्या गोळ्यांनी जखमी झालेल्या उत्तर कोरियाच्या सैनिकालाही याच डॉक्टरांनी वाचवले, आणि या केंद्रांना अधिक साहाय्य मिळावे म्हणून दोन लाखांहून अधिक नागरिकांनी शासनाकडे मागणी नोंदवली. एवढे होऊनही आपला विभाग रुग्णालयाला खड्ड्यात घालणारा मानला जातो, ही खंत ली गुक-जोंग यांनी वारंवार उघडपणे बोलून दाखवली आणि २०२० च्या आरंभी त्या केंद्राचे प्रमुखपद सोडले. ‘डी डे’तील वाद कल्पनेतून निघालेला नाही, एवढे यावरून ध्यानात यावे. २०२५ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर आलेली आठ भागांची ‘द ट्रॉमा कोड’ ही मालिकाही याच दुखण्याभोवती फिरते. तिथेही जितके रुग्ण वाचतात तितकी रुग्णालयाची तूट वाढते.

‘डी डे’मधील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मात्र पैशाचा नाही, निवडीचा आहे. एकाच वेळी ढिगाने जखमी आले की वैद्यक नेहमीची रीत सोडते. ज्याचा नंबर आधी त्याला आधी, ही रांग मोडली जाते. प्रत्येकाला काही क्षणांत पाहून त्याच्या अंगावर रंगीत चिठ्ठी बांधली जाते. लाल म्हणजे आत्ता हात लावला तर वाचेल. पिवळी म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल. हिरवी म्हणजे चालता-बोलता आहे, बसून राहू दे. आणि काळी म्हणजे मृत, किंवा हाताशी असलेल्या साधनांनी न वाचणारा. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक-जाँ लारे याने या पद्धतीचा पाया घातला. त्याने हुद्दा आणि राष्ट्र न पाहता केवळ जखमेची गंभीरता पाहून उपचारांचा क्रम लावण्याचा आग्रह धरला, आणि त्या काळात ती क्रांतीच होती. सेनापतीच्या खरचटलेल्या हाताआधी शिपायाची तुटलेली धमनी.

ऐकताना हे न्याय्य वाटते. पण ज्याच्या आईच्या हाताला काळी चिठ्ठी बांधली आहे, त्याला ते कसे वाटेल? ती अजून श्वास घेत असते. शेजारच्या अनोळखी तरुणाकडे दोन डॉक्टर धावतात आणि तिच्याकडे कोणी येत नाही. निर्दयपणामुळे हे घडत नसते. तिच्यावर खर्च होणाऱ्या एका तासात चार लाल चिठ्ठ्या काळ्या होतील, हा हिशेब त्यामागे असतो. व्यापारात आकड्यांचा हिशेब रोज करणाऱ्या माणसालाही हा हिशेब करवणार नाही. हे-संगला तर तो मान्यच नाही. त्याला प्रत्येक जण वाचवायचा आहे. त्याच्या समोर उभा आहे हान वू-जिन, हा सक-जिनने साकारलेला निष्णात, संयमी, भावनेला दूर ठेवणारा शल्यचिकित्सक. या दोघांचे वाद हे मालिकेचे खरे बळ आहे, कारण इथे दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. नायकाचे साहस पुन्हा पुन्हा यशस्वी होते, म्हणून प्रेक्षकाचा कल त्याच्याकडे झुकतो. प्रत्यक्ष आपत्तीत मात्र वू-जिनसारख्यांच्या थंड डोक्यावर अधिक प्राण वाचतात.

तिसरे पात्र जंग तोल-मी. बुसानकडून आलेली, अस्थिरोग विभागात पहिल्याच वर्षाला असलेली ही शिकाऊ डॉक्टर. जंग सो-मिनने तिच्या बोलीचा दक्षिणी ठसका, तिचे चुकणे, घाबरणे आणि तरीही जागा न सोडणे फार गोडव्याने उभे केले आहे. आरंभी ती रुग्णाला हात लावायलाही कचरते. वीस भागांत ती डॉक्टर होते. परिचारिकांना मात्र मालिकेने, नेहमीप्रमाणे, डॉक्टरांच्या सावलीत ठेवले आहे. प्रत्यक्षात चिठ्ठ्या बांधणे, सलाइन लावणे, नातेवाइकांना सांभाळणे आणि डॉक्टर शस्त्रक्रियागृहात असताना पन्नास खाटांवर नजर ठेवणे हे सारे त्याच करतात.

किम सांग-होने साकारलेला बचाव पथकाचा प्रमुख छोई इल-सप ही आणखी एक लक्षात राहणारी व्यक्तिरेखा. अशा कथांमध्ये एक वैद्यकीय सत्य दिसते, जे सामान्य प्रेक्षकाला चकित करते. तासन्‌तास तुळईखाली अडकलेला माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो. तुळई उचलली जाते, सगळे आनंदतात, आणि तो काही मिनिटांत दगावतो. दाबाखाली चिरडलेल्या स्नायूंत साचलेले पोटॅशियम व अन्य द्रव्ये दाब निघताच रक्तात मिसळतात. हृदय बंद पडते, किंवा पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबफेक झाली तेव्हा, १९४१ मध्ये, डॉक्टर बायवॉटर्स यांनी ढिगाऱ्यातून काढलेल्या रुग्णांवरून हे तपशीलवार नोंदवले. म्हणून अडकलेल्याला ओढून काढण्यापूर्वी त्याच्या शिरेत सलाइन सुरू करणारे कोणी तरी ढिगाऱ्यात उतरावे लागते. डॉक्टर आणि अग्निशमन दलाचा जवान एकत्र का हवेत, याचे उत्तर इथे मिळते. शेजारच्या जपानने १९९५ च्या कोबे भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे गमावल्यानंतर २००५ मध्ये आपत्ती-वैद्यकीय पथके उभारली. मालिकेतील पथक त्याच धर्तीचे आहे.

कोबेचा भूकंप झाला त्याच वर्षी सोलमध्येही एक आपत्ती घडली, आणि ती निसर्गाने आणलेली नव्हती. २९ जून १९९५ रोजी संध्याकाळी साम्पुंग नावाचे पाच मजली, झगमगते विक्री-भांडार काही सेकंदांत पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. ५०२ माणसे मेली, नऊशेहून अधिक जखमी झाली. चौकशीत एकेक गोष्ट बाहेर आली. चार मजल्यांच्या मूळ आराखड्यावर पाचवा मजला चढवला होता. सरकते जिने बसवण्यासाठी खांबांची कापाकापी केली होती. छतावरील वातानुकूलनाची अवजड यंत्रे उचलून नेण्याऐवजी ओढत नेल्याने स्लॅब तडकला होता. आणि सर्वांत भीषण म्हणजे, त्या दिवशी सकाळपासून वरच्या मजल्यावर तडे रुंदावत असल्याचे व्यवस्थापनाला ठाऊक होते. बैठक झाली. वरचा मजला बंद केला गेला, पण भांडार चालूच राहिले, कारण त्या दिवशी गर्दी मोठी होती आणि एका दिवसाची विक्री बुडवायला मालक तयार नव्हते. अध्यक्षाला पुढे कारावास झाला. ढिगाऱ्याखालून शेवटची जिवंत व्यक्ती सतराव्या दिवशी बाहेर आली. ती तिथे काम करणारी एक तरुणी होती.

कोरियन प्रेक्षक ‘डी डे’तील कोसळत्या इमारती पाहतो तेव्हा त्याच्या मनात साम्पुंग असते. २०१४ च्या एप्रिलमध्ये बुडालेली सेवोल नौकाही असते. तिच्यासोबत ३०४ जीव गेले, त्यांत बहुसंख्य शाळेच्या सहलीला निघालेली मुले होती. आणि मालिका प्रसारित झाली त्या वर्षीचा मर्सचा साथरोगही त्याच्या आठवणीत ताजा होता. २० मे २०१५ रोजी पहिला रुग्ण सापडला आणि साथ ओसरेपर्यंत १८६ जणांना लागण होऊन ३८ जण दगावले. यात एक तपशील मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. सोलमधील एका नामांकित रुग्णालयाच्या गजबजलेल्या आपत्कालीन विभागात एकच रुग्ण जेमतेम तीन दिवस होता, आणि त्याच्यापासून ऐंशीहून अधिक जणांना लागण झाली. कोरियातही आजाऱ्याजवळ घरच्यांनी राहून शुश्रूषा करण्याची आणि आप्तेष्टांनी घोळक्याने भेटीला जाण्याची रीत आहे. त्या जिव्हाळ्यानेच रोग घरोघरी नेला. डबा घेऊन सहा जणांनी मिळून समाचाराला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे निराळे सांगायला नको.

भूकंपाची कल्पना तेवढी मालिका आली तेव्हा अनेकांना अतिरंजित वाटण्यासारखी होती. जपान भूकंपाचा देश, कोरिया नव्हे, हीच सर्वसाधारण समजूत. पुढच्याच वर्षी, १२ सप्टेंबर २०१६ रोजी ग्योंगजू परिसरात ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. त्या देशात यंत्रांनी मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत मोठा. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी पोहांग हादरले, तीव्रता ५.४. दुसऱ्या दिवशी देशभर विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होती, जिच्यासाठी कोरियन मुले वर्षानुवर्षे झटतात आणि त्या दिवशी काही वेळ विमानांची उड्डाणेसुद्धा थांबवली जातात. ती आठवडाभर पुढे ढकलावी लागली. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये निष्कर्ष काढला की पोहांगचा भूकंप जवळच्या भू-औष्णिक वीज प्रकल्पाने जमिनीत खोलवर दाबाने पाणी सोडल्यामुळे चेतवला गेला होता.

‘आपल्याकडे असे होत नाही’ ही समजूत महाराष्ट्रानेही एकदा बाळगली होती. दख्खनचे पठार स्थिर, असे भूगोलाच्या तासाला शिकवले जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र उलटत असताना, किल्लारी व भोवतालची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या भूकंपाची तीव्रता मालिकेतल्या काल्पनिक भूकंपाहून थोडी कमीच होती. लातूर, उमरगा, सोलापूर येथील डॉक्टर-परिचारिकांनी त्या दिवसांत जे केले त्यावर कोणी वीस भागांची मालिका काढलेली नाही.

‘डी डे’ निर्दोष नाही. दोन डॉक्टर आणि एक तरुणी म्हटल्यावर जो त्रिकोण व्हायचा तो होतोच, आणि ढिगाऱ्यातल्या माणसाचा जीव टांगणीला असताना कॅमेरा नायिकेच्या डोळ्यांवर रेंगाळतो. मधल्या भागांत राजकारणाचे उपकथानक लांबते. नायकावर जितकी संकटे कोसळतात तितकी एका माणसाच्या वाट्याला येणे कठीण. उत्तरार्धात तर नव्या संकटासाठी संकट आणल्यासारखे वाटते. तरीही पहिले सहा-सात भाग विलक्षण आहेत.

घरी एकत्र बसून पाहायची असल्यास दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. रक्त, उघड्या जखमा आणि शस्त्रक्रिया आडपडदा न ठेवता दाखवल्या आहेत. लहान मुलांना आणि नुकतेच रुग्णालयातून घरी आलेल्या वृद्धांना त्या सोसवणार नाहीत. कोरियन मालिकांतील भोजनाची दृश्ये आपल्या घरांना रुचण्यासारखी नसतात, पण या मालिकेत जेवायला कोणाला फारशी उसंतच मिळत नाही. दहावी-बारावीनंतर वैद्यकीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी ती जरूर पाहावी, आणि पार्क गन विभाग बंद करण्याचा आदेश देतो तो भाग त्यांनी वडिलांसोबत बसून पाहावा. त्या रात्री जेवणाच्या पानावर वाद होईल. संचालकाची बाजू घेणारेही घरात कोणी ना कोणी निघेलच.